संध्याकाळचं ताट

"हात धू आणि आईच्या पाया पडून घे," असं माझ्या नवऱ्यानं मला सांगितलं, तेव्हा मी परातीत भाकरीचं पीठ मळत होते. दुकानातून येऊन साडीसुद्धा बदलली नव्हती. मला वाटलं, मी कुठला तरी सण विसरले. श्रावणात आमच्याकडे सणावारांना तोटा नसतो, आणि त्या वर्षी मी विसरतही बरंच होते.

"आज काय आहे?" मी विचारलं.

ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. देवळात बोलावं तसं हळू बोलले. "आईनं सल्लेखना धरलीय. माझी खात्री झालीय आता."

माझे हात परातीतच राहिले. सल्लेखना म्हणजे आम्हा जैनांमधलं शेवटचं व्रत. आपलं आयुष्य पुरं झालं असं ज्याला आतून वाटतं, तो एकेक अन्न सोडत जातो, शेवटी पाणी सोडतो आणि शांतपणे देह ठेवतो. ज्या घरातून असं माणूस निघतं त्या घराकडे समाज वेगळ्या नजरेनं बघतो. यांच्या आजीनं हे व्रत केलं होतं आणि त्याची गोष्ट मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत होते.

"तुम्हाला त्या म्हणाल्या तसं?"

"असं कुणी सांगतं काय? आजीचंही असंच झालं होतं. आधी संध्याकाळचं ताट अर्धं राहायला लागलं, मग बंद झालं. मी लहान होतो, पण मला लख्ख आठवतंय."

"मग एकदा विचारू या की त्यांना."

"अजिबात विचारायचं नाही." यांचा आवाज एकदम कडक झाला. "व्रतातल्या माणसाला आडवं गेलं की अंतराय लागतो. ते पाप कुठं फेडायचं?"

अंतराय म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्या कामात घातलेला अडथळा. आमच्यात लहान मुलांनासुद्धा हे माहीत असतं. उपास करणाऱ्याला 'का करतोस' म्हणून विचारायचं नाही, 'खा की थोडं' म्हणून आग्रह करायचा नाही. मी हात धुतले, बाहेर गेले आणि सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या हॉलमधल्या त्यांच्या वेताच्या खुर्चीत माळ घेऊन बसल्या होत्या. पायांना हात लागल्यावर दचकल्या.

"कोण ते?"

"मी त्रिशला, आई."

"काय गं, आज काय आहे?" त्यांनीही तेच विचारलं. मी काही नाही म्हटलं आणि आत येऊन भाकऱ्या थापल्या. आता फक्त आम्हा दोघांपुरत्या.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आम्ही तेव्हाही जयसिंगपुरातच राहत होतो, याच बंगल्यात. यांचं पाइप आणि पंपांचं दुकान होतं, आणि दुपारनंतर गल्ल्यावर मी बसायची, कारण यांना शेतकऱ्यांच्या विहिरींवर जावं लागायचं. सकाळी घर, दुपारी दुकान, संध्याकाळी पुन्हा घर. सासूबाईंचं नाव आक्काताई. वय ऐंशीच्या पुढं. काचबिंदूनं त्यांचे डोळे हळूहळू गेले होते. माणूस दिसत नव्हतं, ताट दिसत नव्हतं, फक्त उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं. त्यांना न्हाऊ घालायचं, नेसवायचं, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन देवळात, दर्शनाला न्यायचं, ताट पुढ्यात ठेवून भाकरी कुठं आणि आमटी कुठं ते हात धरून दाखवायचं. त्यांनी कधी त्रास दिला नाही, हे खरं आहे. पण त्रास न देणाऱ्या माणसाचंही करावं लागतंच. मी थकले होते. झोपून उठलं तरी न जाणारा थकवा असतो, तसला. तेव्हा हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती.

म्हणून त्या दिवशी भाकऱ्या थापताना माझ्या मनात जे आलं ते सांगून टाकते. संध्याकाळचं एक ताट कमी झालं, हे मला नको वाटलं नाही.

त्या वर्षी आमच्या घरात नवीन अशी एकच गोष्ट आली होती, आणि ती भिंतीवर होती. आमचा मुलगा सन्मती बंगळूरला घरातले दिवे-पंखे आपोआप चालवणारी यंत्रणा बनवणाऱ्या कंपनीत आहे. आमच्याकडे तसली एक यंत्रणा आधीपासून होती. इचलकरंजीच्या एका इलेक्ट्रिशियनकडून यांनी हौसेनं करून घेतलेली. जिन्याखाली एक पेटी, तिच्यावर चार बटणं. संध्याकाळी ठरलेल्या वेळी हॉलचे आणि पोर्चचे दिवे लागायचे, पहाटे टाकीची मोटर सुरू व्हायची. एवढंच तिचं काम आणि ते ती बिनबोभाट करायची. पण सन्मतीला त्या पेटीची लाज वाटायची. "पप्पा, जगाला शिकवतो मी आणि माझ्या घरात हे?" असं म्हणून त्यानं उन्हाळ्यात सुट्टी काढली, एक माणूस बरोबर आणला, भिंती फोडल्या, आणि दाराशेजारी वहीएवढी काळी काच बसवून गेला.

त्या काचेला हात लावला की चित्रं उमटायची. दिव्याचं चित्र, पंख्याचं चित्र, पडद्याचं चित्र. 'सकाळ' म्हणून एक चित्र होतं, 'संध्याकाळ' म्हणून एक, त्यावर लहानसा डोंगर आणि त्यामागं बुडणारा सूर्य. दिसायला गोड होतं. पण माझ्या बोटांशी तिचं काही जमलं नाही. बोट ओलं असलं की ती ढिम्म हलायची नाही, पीठ लागलेलं असलं की भलतंच काहीतरी करायची. एकदा पंखा लावायला गेले तर हॉलचे सगळे पडदे आपोआप सरकून बंद झाले, आणि खुर्चीत बसलेल्या आई "कोण आलं, कोण आलं" म्हणत राहिल्या. ह्यांना मात्र तिचं केवढं कौतुक. पंप घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही हे घरी आणून काचेसमोर उभं करायचे. मोठे बदल करायचे तर पासवर्ड लागायचा, आणि तो सन्मतीकडे. त्याला तिकडून फोनवरूनही सगळं दिसायचं. "मम्मी, तू पासवर्डच्या भानगडीत पडू नको, काही लागलं तर मला सांग," असं तो म्हणाला. मी नाही पडले. त्याच्या आधी ज्या भानगडीत पडले होते त्याच पुष्कळ होत्या.

दिव्यांसाठी आता ठरलेली वेळ नव्हती. पोर्चच्या स्लॅबखाली बोराएवढा एक डोळा बसवला होता. बाहेरचा उजेड कमी झाला की त्या डोळ्याला कळायचं, काच एक बारीक सूर काढायची आणि घरातले दिवे हळूहळू उमलल्यासारखे लागायचे. खरं सांगते, हे एक मला फार आवडलं. दुकानातून दमून यावं आणि घर उजळलेलं असावं, आपण जाऊन दिवा लावायला नको, हे सुख मी जन्मात पहिल्यांदा अनुभवत होते. कुणीतरी माझ्या आधी घरी येऊन माझी वाट बघतंय, असं वाटायचं.

पावसाळा लागला. आणि त्याच सुमारास आईंचं ताट राहायला लागलं.

त्यांचा नियम लहानपणापासूनचा. दिवस मावळला की अन्न नाही, पाणी नाही, औषधाची गोळीसुद्धा नाही. आमच्या समाजात जुनी माणसं हा नियम पाळतातच, पण आईंचं पाळणं वेगळं होतं. एकदा ताप चढला असताना यांनी गोळी घे म्हणून विनवलं होतं, तरी त्यांनी रात्रभर तोंड उघडलं नव्हतं. मी दुकानातून आल्याआल्या आधी त्यांचं ताट करायची आणि मग बाकीचं. आषाढात त्यांनी निम्मी भाकरी ताटात टाकली. मी विचारलं तर मान हलवली, पदर तोंडाला लावला आणि माळ ओढायला लागल्या. पुढं पुढं तर ताट आणलं की लांबूनच हात हलवायच्या. सकाळचं जेवण मात्र पोटभर, कधी कधी अधाशासारखं. यांना त्यातही आजी दिसली. आजीचंही म्हणे सुरुवातीला सकाळचं जेवण चालू होतं.

श्रावणात एकदा न्हाणीघरातून आणताना त्या माझ्या अंगावर कलंडल्या. डॉक्टर घरी आले. आमच्याच समाजातले. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की आजार काही नाही, अशक्तपणा आहे, खाणंपिणं वाढवा. यांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. डॉक्टरांनी आईंकडे बघितलं, आणि स्टेथोस्कोप पिशवीत टाकून हात जोडले. टॉनिकची चिठ्ठीही लिहिली नाही.

तेवढ्यानं बातमी बस्तीत पोचली. मग बायका यायला लागल्या. दुपारी, मी दुकानात असताना यायच्या, दुपारी थोडा वेळ आईंजवळ येऊन बसणाऱ्या माझ्या नणंदेच्या मुलीनं दार उघडायचं. येऊन आईंच्या पायांवर डोकं ठेवायच्या, णमोकार मंत्र म्हणायच्या, जाताना ओला नारळ ठेवून जायच्या. काहीच बोलायचं नाही असा दंडक असल्यासारखं कुणी काही बोलत नव्हतं. ज्या बाईनं पूर्वी आईंशी पाण्याच्या नळावरून भांडण केलं होतं तीसुद्धा डोळे पुसत गेली. आई बिचाऱ्या प्रत्येकीला "बस की गं, काय काढलंस" म्हणायच्या, आणि उत्तर न देता ती बाई निघून जायची. मला कधी कधी वाटायचं, आईंना काय वाटत असेल? पण मग मीही तेच करायची. व्रताला विचारायचं नाही.

हे फार बदलले त्या दिवसांत. आईशेजारी जमिनीवर बसून राहायचे. दुकानात लक्ष नव्हतं. एका रात्री म्हणाले, "किती मोठी आहे बघ माझी आई. आणि मी तिला साधी बाई समजत आलो." त्यांना रडूही येत होतं आणि छातीही भरून येत होती. दोन्ही खरं होतं. मला त्यांचा राग आला नाही.

मग ठरलं की आता मुनिमहाराजांना सांगायला हवं. सल्लेखना अशी आपल्या मनानं घ्यायची नसते, गुरूंची परवानगी लागते. शेजारच्या गावात महाराजांचा चातुर्मास चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंना गाडीतून तिकडे न्यायचं आणि त्याआधी संध्याकाळी बस्तीचे बाळगोंडाकाका घरी येऊन सगळं ठरवणार. बाळगोंडाकाका म्हणजे यांचे चुलत चुलते. गावात त्यांचा शब्द चालायचा, कारण ते खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. जमिनीच्या दाव्यात स्वतःच्या सख्ख्या भावाच्या विरुद्ध त्यांनी खरी साक्ष दिली होती. भावानं मरेपर्यंत त्यांचं तोंड बघितलं नाही. एकदा महाराजांनी हातातली मोरपिसांची पिंछी उचलून हो म्हटलं की मग मागं फिरायची वाट उरत नाही. अन्न सुटतं, मग दूध, मग ताक, मग पाणी.

त्या दिवशी दुपारपासून आमच्या भागात वीज नव्हती. डीपीवर काहीतरी काम चालू होतं. वीज नाही म्हटल्यावर दुकानात पंप चालवून दाखवायचा प्रश्नच नव्हता. यांनी मला लवकर घरी जायला सांगितलं. काका येणार, घर आवरून ठेव म्हणाले.

घरी आले तर घर काळोखं. म्हणजे काळोखं नव्हतं, दिवसाचा होता तेवढा उजेड होता, पण इतके दिवस लागलेले दिवे बघायची सवय झाल्यामुळं उदास वाटलं. दाराशेजारची काच मेल्यासारखी काळी होती. सन्मतीच्या माणसाकडून तिला इन्व्हर्टरला जोडायचं राहून गेलं होतं. मी चपला काढत होते तेवढ्यात आतून हाक आली.

"त्रिशला, आलीस काय?"

"आले, आई."

"मग वाढतीस काय? भूक लागलीय."

मी चप्पल हातात धरून तिथंच उभी राहिले. ज्या बाईला उद्या महाराजांकडे न्यायचं होतं, ती भूक लागलीय म्हणत होती. क्षणभर यांचा चेहरा डोळ्यांपुढं आला, अंतराय आला, आजी आली. मग मी म्हटलं, मी काही आग्रह केलेला नाही, मागितलं तर वाढायलाच पाहिजे. सकाळची मुगाची आमटी गरम केली, एक भाकरी भाजली, ताट पुढ्यात ठेवलं आणि हात धरून दाखवलं, ही भाकरी, ही आमटी. त्यांनी भाकरी आमटीत कुस्करली आणि जेवायला लागल्या. मी समोर बसले. घास घाईघाईनं जात होते. गळ्याची हाडं वरखाली होताना दिसत होती. त्या किती वाळल्या होत्या ते मी रोज अंघोळ घालूनही बघितलं नव्हतं.

आणि वीज आली. पंखा हलला. काच जागी झाली, तिनं आपला तो बारीक सूर काढला, त्यावर डोंगर आणि सूर्य उमटला, आणि खुर्चीमागचा दिवा हळूहळू उजळला.

आईंनी उचललेला घास ताटात परत ठेवला. डाव्या हातानं पदर तोंडाला लावला आणि उजवा हात पुसून माळ चाचपायला लागल्या.

"काय झालं, आई?"

"दिवा लागला की."

"मग?"

"मग काय? दिवस बुडाला. आता कसं खायचं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. कंपाउंडच्या भिंतीवर ऊन होतं. पिवळं, चांगलं धडधडीत ऊन. शाळेची पोरं दप्तरं हलवत घरी चालली होती. दोरीवर माझं लुगडं वाळत होतं. पोर्चकडे बघितलं, तर मधुमालतीचा वेल पावसात एवढा फोफावला होता की स्लॅबखाली त्याची गर्द गुहा झाली होती, आणि तो बोराएवढा डोळा त्या पानांच्या आत गेला होता. त्याच्यापुरती दुपारीच संध्याकाळ होत होती. इतके दिवस भरलेल्या आभाळात मला ते जाणवलं नव्हतं.

मी उठले आणि काचेवरच्या दिव्याच्या चित्रावर बोट दाबलं. दिवा विझला. मी वळते न वळते तोच पुन्हा लागला. पुन्हा दाबलं, पुन्हा लागला. 'संध्याकाळ' या चित्रावर दाबून धरलं तर तिनं पासवर्ड मागितला. सन्मतीला फोन लावला, तो मीटिंगमध्ये. मग मी काही विचार केला नाही. जिन्याखाली गेले आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, काच काळी झाली, दिवा गेला.

"आई, दिवा नाही. दिवस आहे अजून. उठा," म्हणत मी त्यांना हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि त्यांचा तळहात कट्ट्यावरच्या उन्हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही. उलटा करून पुन्हा ठेवला.

"ऊन आहे की गं," त्या म्हणाल्या.

"रोज असंच असायचं, आई. दिवा लवकर लागत होता. वेल आडवा आला होता म्हणून."

त्यांना खुर्चीत बसवलं, तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या एकेक वाक्य बोलायच्या आणि थांबायच्या. आधी त्यांना वाटलं होतं की मलाच दुकानात उशीर होतोय, मी दिवस बुडाल्यावर येतेय. दमून येतीय बिचारी, तिला उशिराबद्दल कसं बोलायचं, म्हणून गप्प राहिल्या. मग त्यांच्या लक्षात आलं की बस्तीतली आरती दिवे लागल्यावर फार वेळानं ऐकू येते. आरती तर दिवस बुडतानाच होते. तेव्हा त्या घाबरल्या. डोळे गेलेच होते, आता डोकंही चाललं, असं त्यांना वाटलं. वेळेचं भान गेलेल्या म्हातारीचं काय करतात ते त्यांनी आपल्या बहिणीच्या घरी बघितलं होतं. म्हणून कुणाला बोलल्या नाहीत.

"मग त्या बायका येऊन पाया पडायला लागल्या. वाटलं, माझ्या भूपालनं सांगितलं असेल आई वेडी झालीय म्हणून. येऊन बघून जातायत."

 मी आमटी पुन्हा गरम करून आणली आणि त्या पुन्हा जेवायला लागल्या. तेवढ्यात गेट वाजलं.

हे आणि बाळगोंडाकाका आत आले. काका धोतर सावरत सरळ खुर्चीपाशी आले आणि वाकले. त्यांचे हात पायांना लागले तसे आईंनी पाय वर ओढून घेतले.

"पाया नका पडू. जेवायला बसलेय मी."

काका वाकलेले तसेच राहिले. ह्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत जे होतं ते मला अजून आठवतं. त्यांना वाटलं, मी व्रत मोडलं. मी तिथंच उभी राहून जे घडलं ते सांगितलं, दिवा, वेल, ऊन. फार शब्द लागले नाहीत. काका एका स्टुलावर बसले.

"भूपाल," आई म्हणाल्या, "हे कशाला आलेत?"

"उद्या महाराजांकडे जायचं होतं, आई. तुझ्या सल्लेखनेसाठी."

"कुणाच्या? माझ्या?"

बराच वेळ त्या बोटांनी ताटाची कड चाचपत होत्या.

"त्या बायका म्हणजे ह्यासाठी येत होत्या?"

"हो, आई."

"माझ्या मरणाला नमस्कार करायला. आणि मला कुणी विचारलं नाही."

"विचारलं असतं तर अंतराय लागला असता," हे म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"मी उपाशी होते, भूपाल."

हे खाली बसले. भिंतीला पाठ लावून, गुडघ्यात डोकं घालून.  आईंनी ताटातला शेवटचा घास खाल्ला आणि माझ्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, "अर्धी भाकरी टाक अजून. जमेल काय? दमली असशील."

मी आत गेले. दमले होते, पण ती भाकरी मी मनापासून थापली. तवा तापेपर्यंत वेळ गेला. खिडकीतून बघत होते, भिंतीवरचं ऊन वर वर सरकत होतं, मग फक्त भिंतीच्या काठावर राहिलं, आणि भाकरी फुगली तेव्हा तेही गेलं. गरम भाकरी घेऊन बाहेर आले, तर हॉलमध्ये माणसांचे चेहरे धूसर झाले होते. काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांना कळलं होतं. ह्यांनाही. मी ताटात भाकरी वाढली, आमटी वाढली. मी काही बोलले नाही.

आईंनी पहिला घास घेतला आणि बस्तीच्या लाउडस्पीकरवर आरती सुरू झाली.

त्यांचा हात ताटावर थांबला. त्या ऐकत होत्या.  हे गुडघ्यातून डोकं वर काढून काकांकडे बघत होते. जन्मभर दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेतलेला तो माणूस, भावाला सोडणारा पण खोटं न बोलणारा, स्टुलावर ताठ बसला होता.

"बस्तीत आज पोरांच्या हातात कारभार आहे, आक्काताई," काका म्हणाले. "आरती लवकर लावलीय त्यांनी. अजून दिवस आहे. सावकाश जेवा."

आई थोडा वेळ तशाच थांबल्या. मग त्यांनी भाकरी कुस्करली आणि जेवायला लागल्या.

आम्ही तिघं बसून राहिलो. आरती संपली. मेन स्विच खालीच होता आणि कुणी उठलं नाही. अंधार एवढा झाला की मला त्यांचं ताट दिसेनासं झालं, फक्त बोटांचा ताटावर होणारा आवाज येत होता. त्यांनी सगळं संपवलं. पाणी मागितलं, मी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्या घटाघट प्यायल्या, तांब्या खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"आता लावा दिवा," त्या म्हणाल्या.